शहर शिवेवर आले असता: शेतजमिनीचा निर्णय कसा घ्यावा

जळगावभोवतालच्या आसोदा, ममुराबाद, आव्हाणे, सावखेडा, कुसुंबा, शिरसोली या शिवारांत किंवा धुळ्यालगतच्या वलवाडी, महिंदळे, चितोड या भागांत ज्यांचे वावर आहे, त्यांना ‘जमीन द्यायची का?’ हा प्रश्न आता नवा राहिलेला नाही. विचारणारा कधी नातेवाईक असतो, कधी मोटारसायकल बांधाला लावून उभा राहिलेला दलाल असतो, आणि आपण काही बोलण्याआधीच तो एकरी भाव सांगून मोकळा होतो. जळगाव आणि धुळे या दोन्ही नगरपालिका २००३ मध्ये महानगरपालिका झाल्या, २०१८ मध्ये धुळ्याची हद्द वाढून भोवतालची गावे शहरात आली, राष्ट्रीय महामार्गाच्या चौपदरीकरणात जळगावसाठी पाळधी ते तरसोद असा बाह्यवळण रस्ता आखला गेला, आणि २०२४ मध्ये मनमाड–इंदूर रेल्वेमार्गाला केंद्राची मंजुरी मिळाल्याने धुळे-शिरपूर पट्टाही याच हिशेबात आला.

यात सर्वांत आधी जाते ती सर्वांत चांगली जमीन. सपाट रान, खोल काळी माती, बारमाही विहीर आणि डांबरी रस्त्याची जवळीक या ज्या गुणांमुळे केळीचा बाग उभा राहतो, त्याच गुणांमुळे तिथे प्लॉट पाडणे सोपे जाते. डोंगराकडची मुरमाड, उताराची जमीन कोणी विचारीत नाही. मुरूम पसरून, रस्ते दाबून, गटारी बांधून झालेले रान पुन्हा वाहितीखाली आणणे व्यवहारात जवळपास अशक्य असल्याने हा निर्णय फिरवता येत नाही, आणि म्हणूनच तो कोणत्या क्रमाने घ्यावा याला महत्त्व आहे. भावापासून सुरुवात केली की निर्णय समोरच्याच्या हाती जातो. आधी कागद, मग नकाशा, मग हिशेब आणि सर्वांत शेवटी भाव, हा क्रम पाळल्यास जमीन विकायची, राखायची की थोडी विकून थोडी राखायची हे आपले आपल्याला ठरवता येते. पुढील मार्गदर्शन त्याच क्रमाने केले आहे.

कागद

डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा उतारा महाभूलेखच्या संकेतस्थळावर पंधरा रुपयांत मिळतो. त्यासोबत आठ-अ खाते उतारा आणि सातबाऱ्यावर ज्यांचे क्रमांक दिसतात त्या सर्व फेरफारांच्या, म्हणजे हक्कांत झालेल्या बदलांच्या नोंदींच्या, नकला काढाव्यात. बहुतेक जण सातबाऱ्यावर आपले नाव आणि क्षेत्र पाहून उतारा घडी घालून ठेवतात. प्रत्यक्षात निर्णयाला उपयोगी पडणारी माहिती नावाशेजारच्या रकान्यांत असते.

पहिली पाहण्याची गोष्ट भूधारणा पद्धतीची. भोगवटादार वर्ग १ असेल तर विक्रीवर शासनाचे सहसा बंधन नसते. वर्ग २ असेल, म्हणजे जमीन शासनाने दिलेली, वतनाची, पुनर्वसनाची किंवा तत्सम असेल, तर सक्षम अधिकाऱ्याची परवानगी आणि नजराणा (शासनाला भरायची ठरावीक रक्कम) यांशिवाय केलेला व्यवहार पुढे रद्द होऊ शकतो आणि जमीन सरकारजमा होण्याची वेळही येते. देवस्थान इनामाच्या जमिनीचे नियम याहून कडक आहेत. ‘कुळकायदा कलम ४३ ला अधीन’ असा शेरा असेल तर घाबरण्याचे कारण नाही; कुळाला खरेदीचे प्रमाणपत्र मिळून दहा वर्षे झाली असल्यास जमीन महसुलाच्या चाळीस पट नजराणा भरून अशी जमीन विकता येते, आणि ही रक्कम इतकी किरकोळ असते की त्या शेऱ्याच्या नावाखाली भाव पाडून मागणाऱ्याचे अजिबात ऐकू नये. आदिवासी खातेदाराची जमीन बिगर-आदिवासीकडे जाण्यावर महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम ३६ आणि ३६-अ यांचे बंधन आहे. नंदुरबार जिल्ह्यात, साक्रीत, तसेच चोपडा-यावलच्या सातपुडा पायथ्याशी हा मुद्दा वारंवार येतो. जिल्हाधिकाऱ्यांच्या पूर्वपरवानगीशिवाय केवळ साठेखत (पुढे विक्री करण्याचा करार) किंवा मुखत्यारपत्र करून घेतलेला ताबा कायद्यापुढे टिकत नाही, हे विकणाऱ्याने आणि घेणाऱ्याने दोघांनीही ध्यानात ठेवावे.

दुसरी गोष्ट ‘इतर हक्क’ या रकान्याची. विविध कार्यकारी सोसायटीचा किंवा बँकेचा बोजा तिथे असतो, कर्ज फेडले तरी तो आपोआप निघत नाही, फेडीचा दाखला देऊन कमी करून घ्यावा लागतो. सामाईक विहिरीतील हिस्सा, पाण्याची पाळी आणि वहिवाटीचा रस्ता यांच्या नोंदीही इथेच हव्यात. वडिलोपार्जित वाटणीत हे सारे तोंडी ठरलेले असते आणि भाऊबंद नांदते असेपर्यंत चालूनही जाते. त्यांपैकी एकाने आपला हिस्सा बिल्डरला दिला की तोंडी ठरलेल्याला किंमत उरत नाही. नवा मालक विहिरीवर कुंपण घालतो, आणि तीन भावांच्या पाळीचे पाणी कागदावर कुठेच नसते. त्यामुळे आपण जमीन विकणार नसलो तरी ही नोंद आजच करून घेणे अगत्याचे आहे.

तिसरी गोष्ट वारसांची. हिंदू वारसा कायद्यात २००५ मध्ये झालेल्या दुरुस्तीने वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतकाच जन्मसिद्ध हक्क मिळाला, आणि त्या वेळी वडील हयात असण्याची अट नाही हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये स्पष्ट केले. बहिणींची नावे वगळून केलेला व्यवहार पुढे दाव्यात अडकतो आणि त्याची भीती दाखवून खरेदीदार उरलेली रक्कम रोखून धरतो. बहिणीने स्वखुशीने हक्क सोडायचा असेल तर हक्कसोडपत्र नोंदणीकृत असावे लागते. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) बहिणी माहेरी आलेल्या असताना हा विषय सर्वांसमोर मांडावा, सहीसाठी घाईने तहसीलच्या गावी बोलावून घेऊ नये. घाईने घेतलेल्या सह्यांचे दावे किती वर्षे चालतात हे न्यायालयाच्या आवारात तासभर बसले तरी कळते.

शेवटी मोजणी. उताऱ्यावरील क्षेत्र आणि जागेवरील क्षेत्र पुष्कळदा जुळत नाही. नाल्याकाठी तर नाहीच. भूमी अभिलेख उपअधीक्षक कार्यालयाकडे हद्द कायम मोजणीचा अर्ज करून ‘क’ प्रत, म्हणजे मोजणीचा अधिकृत नकाशा, घ्यावी. मोजणीला महिने लागतात, म्हणून ती विक्रीचा विचार मनात येण्याआधीच करून ठेवलेली बरी.

नकाशा

जमिनीचे भवितव्य बांधावर ठरत नाही, ते नगररचना विभागाच्या नकाशावर ठरते. आपला गट विकास योजनेत किंवा प्रादेशिक योजनेत कोणत्या विभागात दाखवला आहे, हे सांगणारा झोन दाखला आणि भाग नकाशा अर्ज करून मिळतो. रहिवास विभागात असलेला गट आणि रस्त्यापलीकडचा शेती विभागात असलेला गट यांच्या मातीत काडीचा फरक नसतो. किमतीत मात्र कित्येक पटींचा असतो. दलालाला हा फरक आधीच ठाऊक असतो. आपल्याला तो ठाऊक नसेल तर रहिवास विभागातील जमीन शेतीच्या भावाने जाते, आणि उलट बाजूने, शेती विभागातील तुकडा ‘लवकरच यलो होणार’ असे सांगून एखाद्या नोकरदाराच्या गळ्यात बांधला जातो. नकाशावर रहिवास विभाग पिवळ्या रंगाने दाखवतात, त्यावरून हा बाजारू शब्द आला आहे. त्यावर विश्वास ठेवण्याआधी दाखला मागावा.

नकाशावर आणखी तीन गोष्टी शोधाव्यात. आपल्या गटातून नियोजित रस्ता जातो का, शाळा, उद्यान, बाजार वगैरेंचे आरक्षण पडले आहे का, आणि गिरणा, वाघूर, पांझरा किंवा एखाद्या मोठ्या नाल्याची निळी अथवा लाल पूररेषा गटातून जाते का. निळ्या रेषेच्या आत बांधकामाला मनाई असते. तिथली जमीन प्लॉट म्हणून घेणे किंवा विकणे दोन्ही अनर्थाचे आहे, पण भाजीपाल्यासाठी तीच जमीन सोन्यासारखी असू शकते.

नवी किंवा सुधारित विकास योजना तयार होते तेव्हा तिचे प्रारूप प्रसिद्ध केले जाते आणि महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम १९६६ नुसार सूचना प्रसिद्ध झाल्यापासून तीस दिवसांत लेखी हरकत घेता येते. एवढ्या मोठ्या प्रक्रियेत सामान्य शेतकऱ्याच्या हाती खऱ्या अर्थाने असलेली हीच एक संधी होय, आणि तीच सर्वांत जास्त वाया जाते, कारण सूचना राजपत्रात आणि वर्तमानपत्राच्या आतल्या पानात छापून येते आणि तीस दिवस कापूस वेचणीच्या गडबडीत सरून जातात. हरकत घेताना ‘आमच्यावर अन्याय झाला’ एवढे लिहून भागत नाही. गट क्रमांक, बागायतीची नोंद, विहीर व ठिबक, आरक्षणासाठी जवळच उपलब्ध असलेली पडीक किंवा शासकीय जागा आणि रस्त्याची पर्यायी आखणी असे मुद्दे नकाशाच्या प्रतीसह द्यावेत, पोच घ्यावी आणि सुनावणीला जातीने हजर राहावे. एकाच रस्त्याने बाधित होणाऱ्या गटांतील सर्वांनी मिळून, पण वेगवेगळ्या अर्जांनी, हरकती घेतल्यास त्यांचे वजन वाढते.

आरक्षण पडूनही वर्षानुवर्षे जमीन घेतली गेली नसेल, तर त्याच कायद्याच्या कलम १२७ चा आधार आहे. अंतिम विकास योजना अमलात आल्यापासून दहा वर्षांत जमीन संपादित झाली नाही, तर मालक खरेदीची नोटीस देऊ शकतो. त्यानंतर चोवीस महिन्यांत संपादनाची पावले उचलली गेली नाहीत तर आरक्षण रद्द होते. दहा वर्षे उलटली म्हणून ते आपोआप उठते हा समज चुकीचा आहे. नोटीस द्यावीच लागते.

गुंठ्यांचा मोह

एकरांत विकण्यापेक्षा एक-एक, दोन-दोन गुंठे विकले तर दुप्पट पैसे येतात, हे कोणीतरी सांगणारच. शेतजमिनीचे फार लहान तुकडे पाडण्यास मनाई करणारा तुकडेबंदी कायदा १९४७ पासून आहे आणि ८ ऑगस्ट २०२३ च्या अधिसूचनेनुसार खानदेशातील तिन्ही जिल्ह्यांत जिरायतीसाठी वीस गुंठे आणि बागायतीसाठी दहा गुंठे हे प्रमाणभूत क्षेत्र आहे. त्याहून लहान तुकडा मंजूर लेआउटशिवाय, म्हणजे प्लॉट पाडण्याच्या मंजूर आराखड्याशिवाय, शेतजमीन म्हणून विकता येत नाही. यावर काढलेली पळवाट म्हणजे आठ-दहा जणांनी मिळून एक गट सामाईक घेणे; मग सातबाऱ्यावर दहा नावे, जागेवर चुन्याच्या रेघा, आणि कोणाचा प्लॉट कोणता याचा कायदेशीर पुरावा कोणाकडेच नाही. अशा वसाहतीला मंजूर रस्ता नसतो, घरासाठी बँक कर्ज देत नाही, आणि सांडपाणी उताराने शेजारच्या वावरात उतरते.

‘पुढे सगळे नियमित होते’ हा युक्तिवाद अगदीच खोटा नाही. असे विनापरवाना पाडलेले भूखंड नियमित करणारा गुंठेवारी कायदा २००१ चा असून २०२१ च्या दुरुस्तीने तो ३१ डिसेंबर २०२० पर्यंतच्या भूखंडांना लागू झाला, आणि तुकडेबंदीविरुद्ध झालेले शहरी भागातील जुने व्यवहार नियमित करण्याची वाटही २०२५ मध्ये अधिक मोकळी करण्यात आली. पण नियमितीकरण मागे झालेल्या व्यवहारांसाठी असते. आज नव्याने तुकडा पाडणाऱ्याने पुढच्या सवलतीच्या भरवशावर शंभर कुटुंबांना अडकवणे मला तरी योग्य वाटत नाही, आणि खोट्या आश्वासनाचा फौजदारी गुन्हा अखेर सही करणाऱ्या जमीनमालकावरही दाखल होऊ शकतो.

हिशेब

शेतकऱ्याला भाव एकराने सांगितला जातो आणि ग्राहकाला चौरस फुटाने. या दोन मापांच्या मधल्या अंतरातच सारा व्यवहार असतो, म्हणून गणित कागदावर मांडावे. एक एकर म्हणजे चाळीस गुंठे, म्हणजेच ४३,५६० चौरस फूट. समजा एकरी ऐंशी लाख रुपये देऊ केले. हा बाजारभाव नव्हे, केवळ पद्धत कळावी म्हणून धरलेला आकडा आहे. तर चौरस फुटाला साधारण १८४ रुपये पडले. लेआउट करताना अंतर्गत रस्ते आणि मोकळी जागा सोडावी लागते. ०.४ हेक्टर किंवा त्याहून मोठ्या लेआउटमध्ये दहा टक्के खुली जागा तर नियमानेच जाते, आणि ढोबळमानाने साठ टक्क्यांच्या आसपास विक्रीयोग्य क्षेत्र उरते असे धरता येते. म्हणजे २६,१३६ चौरस फूट. त्या परिसरातील मंजूर प्लॉट एक हजार रुपये फुटाने जात असतील तर एकूण विक्री दोन कोटी एकसष्ट लाखांची होते.

हा आकडा पाहून लगेच आपणच लेआउट करायला धावू नये. त्यातून मोजणी, बिनशेतीचा कर व अधिमूल्य, रस्ते, गटारी, विजेचे खांब, पाण्याची टाकी, दलाली आणि प्लॉट विकले जाईपर्यंतची दोन-चार वर्षे वजा करायची असतात. मात्र ऐंशी लाख आणि दोन कोटी एकसष्ट लाख यांच्यातील फरकाचा थोडा वाटा मागणे हा हावरेपणा नाही, एवढे या गणितातून निश्चित कळते. परिसरातील खरे भाव कळण्यासाठी शेजारच्या गटांच्या अलीकडील खरेदीखतांची सूची क्रमांक दोन (नोंदणी झालेल्या व्यवहाराचा गोषवारा) पाहावी, वार्षिक मूल्यदर तक्ता (शासनाने ठरवलेले दर) पाहावा आणि दोन मंजूर लेआउटांत ग्राहक म्हणून चौकशी करावी.

आयकराचा मुद्दा बहुतेक वेळा खरेदीखत झाल्यावरच समोर येतो, म्हणून तो इथे थोडा विस्ताराने सांगतो. ग्रामीण शेतजमिनीच्या विक्रीवर भांडवली नफ्याचा कर लागत नाही. परंतु गावात जमीन आहे म्हणजे ती आयकराच्या दृष्टीने ग्रामीण आहे, असे नव्हे. नगरपालिकेची किंवा महानगरपालिकेची लोकसंख्या एक लाखाहून जास्त आणि दहा लाखांपर्यंत असेल तर तिच्या हद्दीपासून सरळ रेषेत सहा किलोमीटरपर्यंतची शेतजमीन शहरी धरली जाते. २०११ च्या जनगणनेत जळगाव साडेचार लाखांच्या वर, धुळे पावणेचार लाखांच्या आसपास, भुसावळ पावणेदोन लाखांच्या वर आणि नंदुरबार एक लाखाच्या वर होते. म्हणजे चारही शहरांना सहा किलोमीटरचाच पट्टा लागू होतो. दहा हजार ते एक लाख लोकसंख्येच्या गावांसाठी हे अंतर दोन किलोमीटर आहे. अंतर रस्त्याने नव्हे, हवाई मोजले जाते. शहरी पट्ट्यातील वडिलोपार्जित जमिनीसाठी १ एप्रिल २००१ रोजीची रास्त किंमत आधार म्हणून घेता येते, त्यासाठी नोंदणीकृत मूल्यांकनकाराचा अहवाल घ्यावा. विक्रीपूर्वीची दोन वर्षे ती जमीन आपण किंवा आईवडिलांनी कसलेली असेल आणि विक्रीनंतर दोन वर्षांत दुसरी शेतजमीन घेतली, तर नफ्याच्या तेवढ्या भागावर सूट मिळते. इथे ई-पीक पाहणीची, म्हणजे मोबाइलवरून केलेली उभ्या पिकाची, नोंद पुरावा म्हणून कामास येते. पीक उभे असूनही नोंद पडीक अशी असेल तर सूट सिद्ध करणे अवघड होते.

दुसरी जमीन घ्यायची असेल तर आणखी एक काळजी घ्यावी. महाराष्ट्रात शेतकरी नसलेल्याला शेतजमीन घेण्यासाठी जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते. त्यामुळे खात्यावरील सगळी जमीन एकदम विकून मग शोधाला निघू नये, थोडी जमीन नावावर असतानाच पर्यायी खरेदी पूर्ण करावी. पर्यायी जमीन पाहताना भावापेक्षा पाणी पाहावे. यावल-रावेर पट्ट्यात केळी उत्तम असली तरी भूजल फार खोल गेले आहे, आणि शहराजवळच्या चाळीस फुटांवरील विहिरीची सवय झालेल्या माणसाला तिथल्या कूपनलिकेचा खर्च वर्षभरातच जाणवतो.

करार

विक्रीचे ठरलेच तर कमी कागद, पण पक्के कागद, हे धोरण ठेवावे. विसार (आगाऊ रकमेच्या) पावतीवर लाखो रुपये घेऊन वर्ष-दोन वर्षे जमीन अडकवून घेणे ही शहराभोवतीची सर्वांत जुनी चाल आहे. दरम्यान तोच दलाल आपल्या जमिनीसाठी गिऱ्हाईक शोधत असतो आणि वाढलेला भाव त्याच्या खिशात जातो. त्याऐवजी नोंदणीकृत साठेखत करावे, त्यात मुदत, हप्त्यांच्या तारखा, हप्ता चुकल्यास करार कसा संपेल आणि ताबा केव्हा दिला जाईल हे स्पष्ट लिहावे. पूर्ण रक्कम खात्यात जमा होईपर्यंत ताबा देऊ नये आणि सर्वाधिकार देणारे कुलमुखत्यारपत्र तर मुळीच करून देऊ नये. ‘भरणा पावला’ असे लिहिलेल्या नोंदणीकृत खरेदीखतावर सही केल्यानंतर धनादेश वटला नाही, तर जमीन परत मिळत नाही. उरतो तो रकमेच्या वसुलीचा दावा.

रोखीच्या भागाबद्दल स्पष्ट बोलणे आवश्यक आहे. स्थावर मिळकतीच्या व्यवहारात वीस हजार किंवा त्याहून अधिक रक्कम रोखीने स्वीकारल्यास तेवढाच दंड होऊ शकतो, हे झाले वैयक्तिक नुकसान. याहून मोठे नुकसान गावाचे होते. २०१३ च्या भूसंपादन कायद्यात मोबदला ठरवताना शासकीय मूल्यदर आणि मागील तीन वर्षांतील नोंदणीकृत व्यवहारांपैकी वरच्या निम्म्या व्यवहारांची सरासरी, यांतील जो अधिक तो घेतला जातो. निम्मा पैसा रोखीने आणि निम्माच खरेदीखतावर, असे व्यवहार गावात चालत राहिले की पुढे महामार्गात किंवा रेल्वेत जमीन जाणाऱ्या शेजाऱ्याचा मोबदला त्या खोट्या आकड्यांवरच ठरतो.

भागीदारीतील लेआउट, म्हणजे जमीन आपली आणि विकासाचा खर्च त्यांचा, हा मार्ग चांगला आहे, पण आपल्या वाट्याचे प्लॉट मंजूर नकाशावर क्रमांकासह करारात नमूद असावेत. ‘पन्नास टक्के प्लॉट’ असे मोघम लिहिल्यास कोपऱ्याचे आणि रस्त्याचे प्लॉट एका बाजूला, आणि नाल्याकाठचे आपल्याकडे येतात. लेआउट पाचशे चौरस मीटरपेक्षा मोठा आणि आठपेक्षा अधिक प्लॉटांचा असेल तर महारेराची (स्थावर प्रकल्पांवर देखरेख ठेवणाऱ्या राज्य प्राधिकरणाची) नोंदणी लागते, आणि विक्रीत वाटा घेणारा जमीनमालकही तिथे प्रवर्तक म्हणून जबाबदार धरला जातो. ग्राहकाने तक्रार केल्यास नोटीस आपल्या नावानेही येईल, हे मान्य असेल तरच सही करावी.

अर्धी जमीन विकून अर्धी राखणाऱ्यांची एक ठरावीक फसगत होते. रस्त्यालगतचा भाग विकला जातो, मागचा राहतो, आणि मागच्याला जायला वाट उरत नाही. राखलेल्या भागासाठी रस्त्याची रुंदी, त्याची दिशा, पाइपलाइन आणि विजेच्या तारेचा हक्क हे सर्व खरेदीखतातच लिहून, नकाशा जोडून, फेरफाराने सातबाऱ्यावर आणावे. बैलगाडीपुरती वाट आज पुरेशी वाटली तरी ट्रॅक्टर आणि केळीचा ट्रक ध्यानात घेऊनच रुंदी मागावी. राखलेला तुकडा प्रमाणभूत क्षेत्रापेक्षा लहान होणार नाही हेही पाहावे.

सक्तीचे संपादन

इथे विकायचे की नाही हा प्रश्नच नसतो, म्हणून दक्षता नोंदींची घ्यावी. महामार्गासाठीच्या अधिसूचनेवर एकवीस दिवसांत, तर २०१३ च्या कायद्याखालील प्राथमिक अधिसूचनेवर साठ दिवसांत हरकत घेता येते. संयुक्त मोजणीच्या दिवशी घरातील जाणत्या माणसाने हजर राहून विहीर, कूपनलिका, जमिनीखालील पाइपलाइन, ठिबक, लिंबू-आंब्याची झाडे, केळीची खोडे आणि शेतातील खोली यांची पंचनाम्यात नोंद झाली आहे का ते पाहावे. न झाल्यास त्याच दिवशी लेखी हरकत द्यावी. सातबाऱ्यावर जिरायत लिहिलेल्या बागायती रानाला जिरायतीचाच दर लागतो. मोबदला कमी वाटल्यास हक्क राखून रक्कम स्वीकारावी आणि दाद मागावी. निवाड्याच्या वेळी आपण हजर असल्यास २०१३ च्या कायद्यात त्यासाठी सहा आठवड्यांचीच मुदत आहे. महामार्गाच्या प्रकरणी हीच दाद लवादाकडे मागावी लागते.

शेतीच करायची असेल तर

शहरालगत शेती परवडत नाही हे सरसकट खरे नाही. मजूर महाग आणि क्वचित मिळतो, चोरी होते, मोकाट जनावरे येतात. त्याच वेळी ग्राहक दाराशी असतो. आसोद्याच्या परिसरातील भरिताच्या वांग्याला मागणी कधी कमी पडलेली दिसत नाही, जळगावच्या भरीत वांग्याला आणि केळीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले आहे. मेथी, कोथिंबीर, ओला चारा, दूध, शेवगा या नाशवंत मालाला शहराची जवळीक उपयोगी पडते. कापसाला किंवा सोयाबीनला ती पडत नाही. म्हणजे शेती राखायची तर पीकपद्धत बदलावी लागते. दर एकरी जास्त मेहनतीच्या, रोज पैसा देणाऱ्या पिकांकडे वळल्याखेरीज दलालाच्या आकड्यापुढे शेतीचा आकडा टिकत नाही.

खरा त्रास शेजारच्या लेआउटचा होतो. काळ्या रानाचे पाणी नाल्याने वाहून जाते तोवरच ते रान कसता येते. वरच्या बाजूला नाला बुजवला किंवा अरुंद केला की पहिल्याच मोठ्या पावसात पीक पाण्याखाली जाते आणि सांडपाणी विहिरीत उतरते. लेआउटचे काम सुरू होताच त्याचा मंजूर नकाशा माहितीच्या अधिकारात मिळवावा, गाव नकाशावरील नाला त्यात दाखवला आहे का ते पाहावे, आणि विहिरीच्या पाण्याची तपासणी काम सुरू होण्यापूर्वीच करून अहवाल जपून ठेवावा, म्हणजे पुढे पाणी बिघडल्यास आधीची स्थिती सिद्ध करता येते. वहिवाटीचा रस्ता किंवा पाण्याचा प्रवाह अडवला गेल्यास मामलेदार न्यायालय अधिनियम १९०६ खाली तहसीलदारांकडे दाद मागता येते, मात्र अडथळा आल्यापासून सहा महिन्यांच्या आत. ‘बोलून मिटेल’ म्हणत थांबण्यात ही मुदत हमखास निघून जाते. बोलणी चालू ठेवावीत आणि अर्जही द्यावा. नव्याने रस्ता हवा असल्यास जमीन महसूल संहितेच्या कलम १४३ खाली बांधावरून रस्त्याची मागणी करता येते. शेजारच्या गटात संरक्षक भिंतीचा पाया खोदला जाण्याआधी आपली मोजणी होऊन सीमादगड रोवलेले असावेत, आणि दगड रोवतानाची छायाचित्रे, मोजणीची ‘क’ प्रत व शेजाऱ्यांच्या सह्यांचा पंचनामा हे तिन्ही कागद एका पिशवीत, घरातील दोघांना तरी ठाऊक असलेल्या जागी ठेवावेत.